सांडपाणी जाते कोठे?

सकाळच्या प्रहरी नळास पाणी येते तेव्हा घरोघर केवढी धांदल उडते हे वाचकांस निराळे सांगावयास नको. हंडे, कळशा, बादल्या, टाक्या सर्व भरून घेतल्यावाचून गृहिणीस चैन पडत नाही. पाणी किती वाजता आले, किती वेळ टिकले, कोणाच्या घरी जोराने आले व कोणाच्या घरी बेताचेच, याची बित्तंबातमी लहान मुलांसही असते. परंतु तेच पाणी वापरून झाल्यावर न्हाणीच्या भोकातून बाहेर पडले म्हणजे त्याचे पुढे काय होते, असा प्रश्न केला असता मोठमोठी माणसेही विचारात पडतात. आम्ही एकदा वर्गात हाच प्रश्न केला. एकाने सांगितले, "नालीत जाते." "आणि नालीतून?" "पुढच्या मोठ्या नालीत." "आणि तेथून?" वर्ग क्षणभर स्तब्ध राहिला. मग मागच्या बाकावरील एका मुलाने उत्तर दिले, "गुरुजी, ते गावाबाहेर जाते." या उत्तराने वर्गाचे समाधान झालेले दिसले. आमचे मात्र झाले नाही. कारण ज्यास आपण गावाबाहेर म्हणतो तेथे दुसऱ्या कोणाचे तरी शेत, कोणाची तरी विहीर, कोणाचे तरी घर असतेच. त्या अपुऱ्या राहिलेल्या उत्तराची पूर्ती करावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

विषय समजण्यास एखादे गाव डोळ्यांसमोर असलेले बरे, म्हणून आम्ही बोरगाव मेघे हे गाव घेतो. वर्धा शहरास लागूनच हे वसलेले आहे. सिंदी, सावंगी, पिपरी ही त्याची शेजारची भावंडे; त्यांच्याही नावांपुढे मेघे हे उपपद लागते. बोरगावची गंमत अशी की, त्यास गाव म्हणावे की शहर म्हणावे याचा निर्णय करणे कठीण. आपल्या जनगणनेत अशा वस्त्यांसाठी एक कसोटी ठरविलेली आहे. जेथील लोकसंख्या निदान ५,००० आहे, जेथील कामकरी पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीखेरीज दुसऱ्या उद्योगांत गुंतलेले आहेत, आणि जेथे दर चौरस किलोमीटरास निदान ४०० माणसे राहतात, त्या वस्तीस जनगणना शहर समजते, मग तेथे नगरपालिका असो वा नसो. २०११ च्या जनगणनेत बोरगाव मेघे याची नोंद अशाच शहरांत झाली. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. म्हणजे वस्ती शहराची आणि तिजोरी गावाची, अशी ही स्थिती आहे. महाराष्ट्रात मोठ्या शहरांच्या कुशीत अशी गावे पुष्कळ आहेत, आणि सांडपाण्याचा प्रश्न सर्वांत बिकट होतो तो अशाच ठिकाणी. तो का, हे आता पाहू.

आपले पणजोबा ज्या काळी विहिरीवरून पाणी आणीत, त्या काळी पाणी थोडे व अंगण मोठे होते. रहाटाने किंवा पोहऱ्याने शेंदलेला, डोक्यावरून वाहिलेला प्रत्येक हंडा जपून खर्च होई. वापरलेले पाणी घराच्या मागे परसात जाई. तेथे केळीचे एखादे बेट, अळूची चार पाने, लाल-पिवळ्या फुलांची कर्दळ लावलेली असे. ही झाडे केवळ शोभेसाठी नव्हती. घाण पाण्यातील खत ती शोषून घेत. उरलेले पाणी माती पिऊन टाकी व उरलेसुरले ऊन सुकवी. मातीच्या चिमूटभर कणांत कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात आणि घाणीचे खतात रूपांतर करणे हाच त्यांचा धंदा आहे, हे शास्त्र आजीबाईस ठाऊक नव्हते. पण न्हाणीच्या पाण्यावर अळू उत्तम पोसते हे तिला पक्के ठाऊक होते. थोडक्यात सांगावयाचे तर, प्रत्येक घरामागे सांडपाणी शुद्ध करण्याचा एक लहानसा कारखाना बिनबोभाट चालत असे.

पुढे काळ बदलला. नळ आला, ही मोठीच सुखाची गोष्ट झाली. मायबहिणींच्या डोक्यावरील हंडा उतरला. परंतु त्याबरोबरच जमिनीचे लहान लहान तुकडे पडले, परसाच्या जागी दुसरे घर उभे राहिले, अंगणात फरशी आली आणि रस्त्यावर सिमेंट आले. पूर्वी पाणी थोडे आणि माती पुष्कळ होती. आता पाणी पुष्कळ आणि माती थोडी, असा उलटा हिशेब झाला. जुनी गावठी रीत मोडली व नवी शहरी रीत, म्हणजे जमिनीखालील गटारे आणि त्यांच्या शेवटी शुद्धीकरणाचा कारखाना, ती काही सर्वत्र पोहोचली नाही. या दोहोंच्या मध्ये जी पोकळी राहिली तिचेच नाव उघडी नाली.

ही पोकळी केवढी आहे, ते आता आकड्यांनी पाहू. २०१९ साली देशात जलजीवन मिशन सुरू झाले. खेड्यातील प्रत्येक माणसास दररोज ५५ लिटर पाणी घरपोच मिळावे, असे त्याचे प्रमाण आहे. घरात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे जलशास्त्रज्ञ धरतात. पाच माणसांचे कुटुंब घेतले तर दररोज २७५ लिटर पाणी आत आले व त्यातील २२० लिटर बाहेर गेले. साध्या पंधरा लिटरच्या बादलीने मोजले तर या जवळजवळ पंधरा बादल्या झाल्या. एका घराच्या पंधरा बादल्यांचे कोणास काही वाटत नाही. परंतु एक हजार घरांची वस्ती असेल तर हाच आकडा २,२०,००० लिटरांवर जातो. आणि तो एका दिवसाचा, बारा महिन्यांचा नव्हे! एवढे पाणी दररोज गावाबाहेर निघते, म्हणजे एक अखंड वाहणारा ओढाच आपण निर्माण करतो. त्या ओढ्यास नाव नाही आणि काठावर घाटही नाही. तथापि उन्हाळ्यात खरे ओढे आटतात तेव्हाही हा मात्र वाहतच असतो.

या ओढ्यात असते तरी काय? शंभर भाग सांडपाण्यात नव्याण्णव भागांहून अधिक निव्वळ पाणीच असते. साबण, तेलाचा अंश, भाताचे पेज, अंगाचा मळ, राख, माती आणि शौचाचे पाणी मिसळले असल्यास मैला, हे सर्व मिळून हजारात एखादा भाग भरते. एवढ्याशा घाणीने काय बिघडणार, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर मासे देतील. स्वच्छ पाण्यात हवेतील प्राणवायू विरघळलेला असतो. आपल्याकडील उष्ण हवेत, ३० अंश तपमानास, एका लिटरात तो सुमारे साडेसात मिलिग्रॅम मावतो. त्यावर मासे व इतर जलचर जगतात. पाण्यात घाण शिरली म्हणजे ती खाण्यासाठी सूक्ष्म जंतूंची झुंबड उडते आणि खाताना ते हा प्राणवायू खर्च करतात. घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरातील घाण फस्त करण्यास या जंतूंना साधारणपणे २०० ते ३०० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. आता त्रैराशिक मांडून पाहा: २५० भागिले साडेसात, म्हणजे तेहतीस. एक लिटर सांडपाणी तीस-बत्तीस लिटर स्वच्छ पाण्यातील सर्व प्राणवायू गिळून टाकू शकते! नदी वाहती व भरलेली असेल तर ती हवेतून नवा प्राणवायू घेत हा भार सोसते. पण एप्रिल-मे महिन्यांत जिची धार करंगळीएवढी राहते ती कशी सोसणार? प्राणवायू संपला म्हणजे दुसऱ्या जातीचे जंतू काम हाती घेतात. त्यांना प्राणवायू लागत नाही. परंतु त्यांच्या कामातून सडक्या अंड्यांसारखा वास येणारा वायू निघतो. तुंबलेल्या नालीजवळून जाताना आपण नाकास रुमाल लावतो, तेव्हा या जंतूंचीच आपणास वर्दी मिळालेली असते.

घाण वास सोसता येईल. रोग सोसवत नाही. पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ, पोटातील जंत ही सारी मंडळी मैल्याच्या वाटेने पाण्यात आणि पाण्याच्या वाटेने तोंडात शिरतात. १८५४ साली लंडन शहरी ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर पटकीने कहर केला, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी मेलेल्यांची घरे नकाशावर टिपली व ती बहुतेक एका हापशाभोवती गोळा झालेली दाखवून दिली. त्या हापशाचा दांडा काढविण्यात आला. विहिरीत मैल्याचे पाणी झिरपत होते असे पुढे निष्पन्न झाले. लंडन दूर राहिले. आपल्या गावात शौचकूपाचा खड्डा आणि कूपनलिका यांत किती अंतर आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी पावलांनी मोजून पाहिले आहे? दुसरा शत्रू डास. हत्तीरोग पसरविणारा डास घाण, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. वर्धा, नागपूर, चंद्रपूर या जिल्ह्यांस त्या रोगाची ओळख फार जुनी आहे. ज्याचा पाय एकदा खांबासारखा सुजला त्यास जन्मभर ते ओझे ओढावे लागते. नालीत कचरा टाकून ती तुंबविणारा हात आणि हा सुजलेला पाय यांचा संबंध डोळ्यांस दिसत नाही, इतकेच.

वर्ध्याच्या भूमीत या प्रश्नाशी झुंज देण्याचा एक स्मरणीय प्रयत्न होऊन गेला आहे, तो आपल्या विद्यार्थ्यांस माहीत असावा. १९३५ साली महात्मा गांधी वर्ध्यास मगनवाडीत राहत होते. शेजारीच सिंदी गाव. तेथील लोक रस्त्यावरच शौचास बसत. गांधीजींचे सहकारी, त्यांत महादेवभाई देसाई व मीराबेन ही मंडळीही होती, सकाळी बादल्या व फावडी घेऊन सिंदीस जात व वाटेवरील मैला उचलून मातीखाली पुरीत. मीराबेन तर पुढे त्या गावातच जाऊन राहिल्या. हे काम महिनोन्महिने चालले. परंतु गावाची सवय त्या मानाने फारच थोडी पालटली. पुढील वर्षी, १९३६ मध्ये, गांधीजी शेगावास राहावयास गेले. त्याच शेगावास १९४० पासून सेवाग्राम हे नाव मिळाले. सिंदीचा प्रयत्न फसला असे म्हणून हा धडा मिटून ठेवू नये. त्यापासून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, मैला मातीत पुरला म्हणजे तो शत्रूचा मित्र होतो, त्याचे सोनखत बनते. दुसरी गोष्ट याहून मोलाची: परक्याने येऊन आपली घाण उचलल्याने गाव स्वच्छ होत नाही, जो घाण करतो त्याने तिची वाट लावावयास शिकले पाहिजे. अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावोगाव हेच शिकविले. २००० साली महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचेच नाव देण्यात आले, हे योग्यच झाले.

आता उपायांकडे वळू. सांडपाणी शुद्ध करणे म्हणजे काही जादू नव्हे. निसर्ग जे काम नदीत व मातीत सावकाश करतो, तेच काम थोड्या जागेत, थोड्या वेळात आणि आपल्या देखरेखीखाली करवून घेणे, एवढाच त्याचा अर्थ. १९१४ साली इंग्लंडातील मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा घुसळून जंतूंची वाढ करण्याची रीत प्रसिद्ध केली. जगातील मोठ्या शहरांचे पुष्कळसे कारखाने अद्यापि त्याच तत्त्वावर चालतात. परंतु त्यांस रात्रंदिवस वीज, यंत्रे व जाणते कामगार लागतात. लहान गावाने तशा कारखान्याची हाव धरली, तर वीज बिलाच्या पहिल्याच थकबाकीबरोबर यंत्र बंद पडावयाचे आणि कारखान्याचे तळे व्हावयाचे. आपल्यापाशी लंडन-मँचेस्टरपाशी नसलेली एक संपत्ती आहे, ती म्हणजे ऊन. ज्या वर्ध्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेथे जंतूंचे काम थंड देशांपेक्षा कितीतरी झपाट्याने होते. उन्हावर, मातीवर व वनस्पतीवर चालणाऱ्या रीती आपल्या गावास परवडतील. त्या तीन पायऱ्यांनी सांगतो.

पहिली पायरी घरची. न्हाणीचे व स्वयंपाकघराचे पाणी घराजवळच जिरविता आले तर नालीच नको. त्यासाठी शोषखड्डा करावा. साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद व चार फूट खोल खड्डा खणून त्यात तळाशी मोठे दगड, वर लहान दगड, त्यावर जाड गिट्टी असे थर द्यावे, व मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी किंवा माठ ठेवावा. पाणी खड्ड्यात जाण्यापूर्वी एका लहान हौदीतून जाऊ द्यावे. म्हणजे राख, भाताची शिते, केस, तेलाचा साका तेथेच अडतो. ही हौदी आठवड्यास साफ केली नाही तर खड्ड्याची भोके बुजून तो निकामी होतो, हे पक्के ध्यानात ठेवावे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे केले. त्यामुळे नाल्या कोरड्या पडल्या व डासांचा त्रास हटला. २०१६ च्या सुमारास ही रीत जिल्हाभर उचलली गेली व तिचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले.

परंतु येथेच एक इशारा देणे आम्हांस अगत्याचे वाटते. एका गावास जे मानवले ते दुसऱ्यास मानवेलच असे नाही. वर्धा जिल्ह्याची कपाशीची काळी माती प्रसिद्ध आहे. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी पडताच फुगून आपली सर्व छिद्रे मिटून घेते. मग तीतून पाणी जिरत नाही, साचून राहते. अशा मातीत आंधळेपणाने शोषखड्डा केला तर पहिल्या पावसाळ्यातच तो डबके होईल, व मग लोक म्हणतील की खड्ड्याची रीतच खोटी! म्हणून आधी मातीची परीक्षा घ्यावी. ही परीक्षा आठवी-नववीतील मुलांसही सहज करता येते. जेवढ्या खोलीवर पाणी जिरवावयाचे तेवढ्या खोलीवर वीतभर रुंदीचा खळगा करावा. त्यात पाणी ओतून माती रात्रभर भिजू द्यावी. दुसऱ्या दिवशी खळग्यात बोटभर पाणी घालून पाण्याची पातळी २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच, उतरण्यास किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहावे. अर्ध्या तासाच्या आत उतरली तर शोषखड्डा खुशाल करावा. अर्ध्या तासाहून अधिक पण एका तासाहून कमी वेळ लागला तर उभ्या खड्ड्याऐवजी गिट्टी भरलेला उथळ, लांब चर करावा. एका तासाहूनही अधिक वेळ लागला तर त्या जागी पाणी जिरविण्याचा हट्ट सोडून द्यावा. काळ्या मातीचा थर पातळ असेल व खाली मुरूम लागत असेल, तर खड्डा मुरमापर्यंत नेल्यास काम होते. मात्र खड्ड्याचा तळ भूजलाच्या पावसाळी पातळीपासून निदान दीड-दोन मीटर उंच राहिला पाहिजे व विहीर किंवा कूपनलिका दहा-पंधरा मीटरांच्या आत असता कामा नये. नाहीतर आपण पाणी जिरविले असे न होता आपल्याच घागरीत परत ओतले असे होईल.

दुसरी पायरी शौचकूपाची. येथे दोन खड्ड्यांचा संडास हा गरीब-श्रीमंत सर्वांस परवडणारा आहे. एक खड्डा काही वर्षांनी भरला म्हणजे तो बंद करून मैला दुसऱ्यात सोडावयाचा. बंद खड्डा दीड-दोन वर्षे तसाच राहू दिला की आतील मैल्याची वास नसलेली, मऊ, काळसर माती होते व ती शेतात टाकता येते. मात्र हे खड्डेही जिरणाऱ्या जमिनीतच करावयाचे. वरील परीक्षेचा नियम यांसही लागू आहे. ज्यांनी घराखाली मैल्याची बंद टाकी बांधली आहे त्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत. टाकीतून बाहेर पडणारे पाणी दिसावयास निवळ असले तरी रोगजंतूंनी भरलेले असते. ते उघड्या नालीत सोडणे हा शेजाऱ्याचा अपराध होय. आणि ती टाकी उपसण्यासाठी कोणाही माणसास आत उतरविणे हा तर माणुसकीचाच अपराध होय. टाकीत साचलेले विषारी वायू दोन श्वासांत माणसास बेशुद्ध करतात. त्यास वाचविण्यास उतरलेला दुसराही तेथेच राहतो. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलविणे व संरक्षणसाधनांवाचून अशा टाकीत माणूस उतरविणे, दोन्ही निषिद्ध ठरविले आहे. यंत्राची उपसा गाडी बोलवावी. आणि तिचे पैसे जास्त वाटले तर एका मुलाच्या बापाच्या प्राणाची किंमत किती, याचा विचार करावा.

तिसरी पायरी गावाची. इतके करूनही जे पाणी नालीत येईल त्याची सोय पंचायतीने करावयाची. गावाच्या उताराच्या टोकास जागा राखून तेथे प्रथम जाळी व गाळ बसण्याची हौदी करावी, आणि मग पाणी एकापुढे एक अशा उथळ तळ्यांत सोडावे. या तळ्यांत उन्हामुळे हिरवे शेवाळ वाढते; शेवाळ प्राणवायू देते, तो घेऊन जंतू घाण खातात, आणि जंतूंनी सोडलेला अंगारवायू व खत घेऊन शेवाळ पुन्हा वाढते. असा हा देवघेवीचा संसार विजेच्या तारेवाचून चालतो. दुसरी रीत वनस्पतींच्या वाफ्याची. गिट्टी व वाळू भरलेल्या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस यांसारख्या वनस्पती लावून पाणी त्यांच्या मुळांमधून, पृष्ठभागाच्या खालून जाऊ द्यावयाचे. पाणी वर दिसतच नाही, म्हणून डासांस थारा मिळत नाही. नागपूर येथे १९५८ साली स्थापन झालेल्या व १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था या नावाने चालणाऱ्या संस्थेने अशा वाफ्यांची एक पद्धत सिद्ध केली असून तिला फायटोरिड असे नाव दिले आहे. पाहा, आजीबाईची परसातील कर्दळ शास्त्रज्ञांच्या हातून पुन्हा आपल्याकडे आली!

यास जागा किती लागेल? मैला खड्ड्यांत राहिला व केवळ न्हाणी-चुलीचे पाणी आले असे धरून एक हजार घरांचे दररोज दोन लाख लिटर, म्हणजे २०० घनमीटर पाणी होते असे समजू. ते दहा दिवस तळ्यांत राहावयाचे तर २,००० घनमीटर जागा हवी. तळी सव्वा मीटर खोल केली तर पाण्याचा पृष्ठभाग १,६०० चौरस मीटर होतो. बांध, हौदी व झाडे धरून एक एकर जागा पुरावी. हा हिशेब ढोबळ आहे, खरा आराखडा जाणत्या अभियंत्यानेच करावा; पण विचार करण्यास तो पुरेसा आहे. एक एकर जागा! आज ती पडीक आहे तोवर राखून ठेवणे पंचायतीस शक्य असते. एकदा तिचे तुकडे पडून घरे उभी राहिली की कोट्यवधी रुपये देऊनही ती मिळत नाही. बोरगावसारख्या शहराकडे वाढणाऱ्या प्रत्येक गावापुढे खरा प्रश्न आहे तो हाच. पाणी शुद्ध करण्याच्या रीती पाऊणशे-शंभर वर्षांपासून ज्ञात आहेत. त्यांच्यासाठी वेळेवर जागा राखण्याचे शहाणपण मात्र प्रत्येक गावास नव्याने दाखवावे लागते.

शुद्ध झालेले पाणी टाकून देऊ नये. पर्यावरण संरक्षणाच्या नियमांत, नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्याची प्राणवायूची मागणी दर लिटरास ३० मिलिग्रॅमहून अधिक नसावी, अशी सर्वसाधारण मर्यादा घालून दिलेली आहे. त्या पाण्यावर वैरण, रस्त्याकडेची झाडे, बांबू, फुलझाडे उत्तम वाढतील. कच्ची खाण्याची भाजी मात्र त्यावर पिकवू नये. घाणीचीही संपत्ती होते, याचे एक जुने उदाहरण मुंबईचे आहे. तेथे माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रयस्थानात १८९७ च्या सुमारास मैल्यातून निघणारा ज्वालाग्राही वायू धरून त्याचा दिव्यांसाठी उपयोग करण्यात आला होता. समाजाने ज्यांस दूर लोटले होते त्यांच्या वस्तीत, समाज ज्यास दूर लोटतो त्या वस्तूपासून प्रकाश निघाला! आजचे गोबरगॅसचे घुमट त्याच कुळातले.

विद्यार्थीमित्रहो, आता थोडा गृहपाठ. पहिला: एका रविवारी घरातून बाहेर जाणारे पाणी बादलीने मोजा व वहीत लिहा. दुसरा: आपल्या घरच्या न्हाणीपासून निघून नालीच्या काठाकाठाने चालत जा आणि ते पाणी शेवटी कोठे थांबते ते पाहून साधा नकाशा काढा, वाटेतील विहिरी व कूपनलिका त्यात दाखवा. तिसरा: वर सांगितलेली मातीची परीक्षा आपल्या परसात वडिलांच्या देखत करा. या तीन गोष्टी ज्या मुलाने केल्या त्यास आपल्या आळीच्या सांडपाण्याविषयी इतके कळेल की, वडीलधाऱ्यांनी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.

आणि पालकांस आमची एकच विनंती आहे. ग्रामसभेत नळाचे पाणी कमी आल्याची तक्रार आपण सर्वजण करतो, व ती करावीच. पुढच्या सभेस त्या तक्रारीसोबत आणखी एक प्रश्न विचारावा, "आलेले पाणी जाते कोठे?" आपल्या भागातील ओढेनाले शेवटी वर्धा नदीस मिळतात; वर्धा वैनगंगेस मिळून त्यांची प्राणहिता होते, व प्राणहिता गोदावरीस जाऊन मिळते. जिच्या तीरी आपण पर्वकाळी स्नानास जातो त्या गोदावरीस आपल्या न्हाणीतील पाणीही दररोज जाऊन मिळत असते. ते कोणत्या रूपाने जावे, हे मात्र आपल्या हाती आहे. घरात पाणी आणणे हे अर्धे काम झाले. ते निर्मळ करून मातीस किंवा नदीस परत देणे हे राहिलेले अर्धे. आमच्या वाचकांपैकी दहा-पाच घरांतून जरी या दुसऱ्या अर्ध्या कामास आरंभ झाला, आणि मागच्या बाकावरील त्या मुलास "गावाबाहेर" या शब्दापलीकडचे उत्तर सापडले, तर हा लेख लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.